यंत्राला हात नव्हता

"गाडीतलं भांडण आता कायमचं बंद! मी यंत्र बसवतोय!" अनुस्वाररावांनी चहाचा कप बशीत आपटून जाहीर केलं.

माणसानं असं काही मोठ्यांदा जाहीर करू नये हो. नशीब आसपासच कुठेतरी बसलेलं असतं आणि त्याचे कान तिखट असतात. पण अनुस्वारराव थकले होते. थकलेला माणूस एक तर झोपतो, नाहीतर काहीतरी विकत आणतो.

अनुस्वारराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ठेंगणे, गोल, आणि जागेवर असले काय नसले काय, मजकूर कळतोच, असं मालकांचं मत, म्हणून हे नाव पडलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून संध्याकाळपर्यंत त्यांचे डोळे चुरचुरायचे, मान धरायची, आणि जगात आणखी एखादी चूक शिल्लक असलीच तर राहू दे बापडी, असं वाटायचं. घरातली एक चूक त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हेरली होती आणि आजवर तशीच राहू दिली होती.

ती चूक अशी. त्यांच्या बायकोचं डावं-उजवं उलटं होतं. गाडीत शेजारी बसली की तोंडानं म्हणायची "डावीकडे" आणि हात दाखवायची उजवीकडे. हात नेहमी बरोबर, तोंड नेहमी चूक. नवीन लग्न, नवी नवरी, कशाला बोलायचं, म्हणून अनुस्वारराव गप्प बसले. मग मुलगी झाली, ती मोठी झाली, तिचं लग्न होऊन ती आपल्या घरी गेली, तरी बोलायचं राहूनच गेलं. ते आपले हाताकडे बघायचे आणि वळायचे. कधी हात दिसला नाही, तर ती म्हणेल त्याच्या बरोब्बर उलट वळायचे. मुक्कामाला सुखरूप पोचायचे. त्यामुळे बायकोची खात्री, की आपल्यावाचून यांना कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकानसुद्धा सापडायचं नाही! भांडण व्हायचं ते एवढ्यावरूनच, की "मी सांगितलं की आधी माझ्याकडे कशाला बघता? विश्वास नाही का?"

फक्त एक घर त्यांना कधीच सापडलं नव्हतं. बायकोच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं. ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या वसाहतीत राहायला गेली, तेव्हापासून तिनं दोनदा जेवायला बोलावलं. ताईनं फोनवर सांगितलेला रस्ता बायकोनं शब्दन् शब्द लिहून घेतला, अनुस्वाररावांनी तो शब्दन् शब्द वाचला आणि पाळला, आणि दोन्ही वेळा ते पाण्याच्या एका मोठ्या टाकीसमोर जाऊन थांबले. पुढे भिंत. तिथून फोन केला तर ताई खवळली.

"तिठ्यावर उजवीकडे, एवढं साधं सांगितलंय!"

"उजवीकडेच वळलो गं ताई! समोर टाकी आहे!"

"खोटं बोलू नकोस! टाकी डावीकडे आहे. यायचं नसेल तर सरळ सांगावं माणसानं!"

तेव्हापासून दोघी बहिणींमध्ये फक्त तब्येतीची चौकशी उरली होती. आणि आता ताईचा फोन आला होता. "रविवारी दुपारी जेवायला या. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघतोय. मुलाकडे, कायमचे. या वयात परत कुठलं येणं होतंय! जमलं तर या. नाहीतर रस्ता चुकलो म्हणून सांगा, मला सवय आहे."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "या वेळी चुकलो ना, तर ताईचं तोंड पुन्हा दिसायचं नाही हो मला."

म्हणून ते यंत्र! आता तुम्ही म्हणाल, मोबाइलमध्ये असतंच की सगळं. तो प्रयोग मागे झाला होता. ऐन चौकात बायकोच्या मावशीचा फोन आला, नकाशा गडप झाला, आणि मावशीची गुडघेदुखी ऐकत ऐकत अनुस्वारराव भलत्याच पुलावर चढले. तो पूल त्यांना दुसऱ्या गावाच्या वेशीपर्यंत घेऊन गेला होता.

दुकानात यंत्रं ओळीनं मांडली होती. दुकानदारानं एकेक चालू करून दाखवलं.

"साहेब, मोठा पडदा हवा की छोटा?"

"दिसेल असा."

"आवाज?"

"ऐकू येईल असा."

"यात बघा, उपग्रहाकडून..."

"उपग्रह राहू द्या हो. हे चुकतं का, तेवढं सांगा."

दुकानदारानं छातीवर हात ठेवला. "साहेब, हे चुकत नाही. चुकलाच तर माणूस चुकतो!"

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला हे वाक्य एकदम पटलं. यंत्र घेतलं. बसवायला फिटर आला. त्यानं गाडीच्या पुढच्या भागाचा असा काही कोथळा बाहेर काढला, की अनुस्वाररावांना बघवेना. ते आत जाऊन पडले. बाहेर आले तेव्हा फिटर हात पुसत होता आणि त्याच्या डब्यात गाडीतले चार-पाच स्क्रू शिल्लक होते.

"हे कुठले?"

"जास्तीचे असतात, साहेब. कंपनी देते."

यंत्र ड्रायव्हरच्या समोर बसायला हवं होतं, ते पार डाव्या टोकाला, बायकोच्या सीटसमोर बसलं होतं. "जागा तिथेच मिळाली," फिटर म्हणाला. "आणि एक छोटीशी गोष्ट. करंट वायपरच्या वायरीवरून घेतलाय. वायपर चालू, तर यंत्र चालू."

"आणि कडक ऊन असेल तर?"

"ऊन असलं तरी चालेल, साहेब. वायपरला काय कळतंय!"

अनुस्वाररावांना भांडायचं होतं, पण भांडायला जी ताकद लागते ती छापखान्यात संपलेली होती. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी बायकोला घेऊन ते चाचणीला निघाले. स्वच्छ आभाळ, आणि काचेवर कुईंऽऽ कुईंऽऽ करत वायपर! रस्त्यावरची माणसं गाडीकडे बघत, मग वर आभाळाकडे बघत. एका आजोबांनी तर छत्रीच उघडली. इतक्यात यंत्रातून एका तरुण मुलीचा मधाळ आवाज आला, "कृपया पुढे उजवीकडे वळा." अनुस्वारराव वळले.

"ही कोण?" बायकोनं विचारलं.

"यंत्र आहे गं."

"यंत्राला एवढं लाडात बोलायला कोणी शिकवलं? आणि तुम्ही किती पटकन वळलात! मी सांगते तेव्हा आधी माझ्याकडे टक लावून बघता. हिच्यावर मात्र लगेच विश्वास! मी नाही बाई हिच्याबरोबर ताईकडे येणार!"

दुसरा आवाज पुरुषाचा होता. तो हुबेहूब छापखान्याच्या मालकांसारखा निघाला. "वेग कमी करा" असं तो म्हणाला आणि अनुस्वाररावांनी घाबरून गाडीच बंद केली. शेवटी फिटरला फोन केला.

"सोपं आहे साहेब! स्वतःचा आवाज भरता येतो त्यात. पडद्यावर वाक्य येतं, बटण दाबायचं, वाचायचं. बाईंच्याच आवाजात भरा ना! घरचा आवाज तो घरचा आवाज!"

अनुस्वाररावांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी फिटरला मनातल्या मनात सगळे स्क्रू माफ केले. बायकोचा राग जाईल, यंत्र चुकणार नाही, ताईचं घर सापडेल. एका दगडात तीन पक्षी! त्यांच्या लक्षात फक्त एकच गोष्ट आली नाही, आणि ती आपण येईल तेव्हा बघू.

शनिवारी दुपारी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसली. वायपर लावले, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. "पुढे डावीकडे वळा. पुढे उजवीकडे वळा. सरळ जा." अनुस्वारराव वर खिडकीत उभे राहून कौतुकानं ऐकत होते. "गोल चौकातून दुसऱ्या रस्त्यानं बाहेर पडा... अहो, गॅस बंद करा! दूध उतू जातंय! बघत काय उभे राहिलात!"

त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला. यंत्रानं इमानेइतबारे सगळं भरून घेतलं.

रविवार उजाडला. बायकोनं ताईला आवडतं म्हणून स्वतः विणलेलं स्वेटर कागदात बांधून मांडीवर घेतलं. मुलाच्या गावी थंडी फार असते म्हणे. आज वेळेच्या आधी पोचायचं, ताईच्या हातचं शेवटचं जेवायचं, आणि मनातलं सगळं बोलून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. अनुस्वाररावांनी वायपर सुरू केले आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली.

"पुढे डावीकडे वळा," बायकोचा आवाज म्हणाला.

अनुस्वारराव अगदी सहज, सराईतपणे उजवीकडे वळले.

"अहो! डावीकडे म्हटलं ना मी?"

"हो गं."

"मग उजवीकडे कशाला वळलात?"

आता काय सांगणार? 'तू डावीकडे म्हणालीस म्हणून' असं सांगितलं तर सगळ्या संसाराचा हिशोब मांडावा लागला असता. "रहदारी होती तिकडे," ते म्हणाले. तिकडे एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

"रस्ता पुन्हा शोधत आहे," बायको यंत्रातून म्हणाली.

पुढच्या चौकात तेच. त्याच्या पुढच्या चौकात तेच. जित्याची खोड ती! कानावर बायकोचं "डावीकडे" पडलं की हात आपोआप स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचे. डोकं म्हणायचं, अरे थांब, हे यंत्र आहे! पण डोक्याचा निरोप हातापर्यंत जाईस्तोवर गाडी भलत्याच रस्त्याला लागलेली असायची. ते सवयीनं बायकोच्या हाताकडे बघायचे, तर तो स्वेटरच्या पुडक्यावर गप्प पडलेला. बोलत होतं यंत्र, आणि यंत्राला हात नव्हता. पडद्यावरचा बाण बघावा, तर लांबचा चष्मा घातला की बाण दिसेना आणि जवळचा घातला की रस्ता दिसेना!

असे ते एका शाळेच्या बंद फाटकापर्यंत गेले, एका धोबीघाटापर्यंत गेले, आणि एकदा तर इस्पितळाच्या अपघात विभागाच्या थेट दारापर्यंत. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली.

"पेशंट कोण?"

"अजून कोणी नाही," अनुस्वारराव खिन्नपणे म्हणाले.

तिथे त्यांना उमगलं. बायकोनं हे सगळं पडद्यावर वाचून म्हटलेलं आहे! वाचून म्हटलेलं ते बरोबर, मनानं म्हटलेलं ते उलट. म्हणजे आज यंत्र म्हणेल तस्संच वळायचं! एवढा साधा शोध लागायला निम्मा दिवस गेला होता. पण लागला हे काय कमी झालं? ते नव्या उमेदीनं निघाले आणि एका गोल चौकात शिरले.

"गोल चौकातून दुसऱ्या रस्त्यानं बाहेर पडा... अहो, गॅस बंद करा! दूध उतू जातंय!"

"अगंबाई!" बायको सीटवरून उडाली. "गॅस! गॅस बंद केलात का निघताना?"

"अगं, हे कालचं आहे! यंत्रातलं!"

"यंत्रातलं असलं म्हणून काय झालं? आवाज माझा आहे ना? मला आतून वाटल्याशिवाय मी म्हणणार नाही! आधी घरी चला!"

आपल्याच आवाजाशी कोण वाद घालणार? गेले घरी. गॅस बंद होता. दूधही नव्हतं, कारण ते काल उतू गेलं होतं. परत निघाले, पुन्हा त्याच गोल चौकात आले, पुन्हा तोच आरडाओरडा झाला, आणि या वेळी बायकोनं नुसते दात आवळले.

जेवायची वेळ टळून गेली होती. ताईला फोन करावा, तर बायको नको म्हणाली. "फोन केला की ताई म्हणेल, झालं का सुरू? नको. पोचूनच काय ते बोलू." तिचा आवाज आता बारीक झाला होता. त्यांनी मनाशी घोकलं, म्हणेल तस्संच वळायचं, म्हणेल तस्संच वळायचं.

आणि तो तिठा आला. इथून एक रस्ता ताईच्या वसाहतीकडे जातो आणि एक टाकीकडे.

"पुढे डावीकडे वळा," यंत्र म्हणालं.

नेमकं त्याच क्षणी बायकोनं पडद्यावरचा बाण बघितला. तिला राहवलं नाही. "उजवीकडे! अहो, उजवीकडे दाखवतंय बाण! उजवीकडे!"

एकच आवाज, एकाच दमात डावीकडे आणि उजवीकडे! यातली यंत्रातली बायको कुठली आणि सीटवरची कुठली? सरळ कुठलीचं ऐकायचं, उलट कुठलीचं? मागून एका ट्रकनं असा काही भोंगा वाजवला, की अनुस्वाररावांच्या डोक्यात जे काही शिल्लक होतं तेही सांडलं. ते वळले.

समोर टाकी होती.

टाकीचा रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. त्याचा चेहरा खुलला. "या या! बऱ्याच दिवसांनी! पाऊस लागला का वाटेत? वायपर चालू आहेत म्हणून विचारलं. ही टाकी भारीच आवडलीय साहेब तुम्हाला!"

अनुस्वारराव काही बोलणार, एवढ्यात बायकोचा फोन वाजला. ताई होती. पलीकडचा आवाज गाडीभर ऐकू आला. "वाट बघून बघून ताटं उचलली मी. टॅक्सी दारात आलीय. आम्ही निघालो. तू तुझ्या घरी सुखी राहा." फोन बंद झाला.

बायको गाडीतून उतरली आणि टाकीच्या कठड्यावर जाऊन बसली. स्वेटरचं पुडकं पोटाशी धरलं आणि रडायला लागली. तोंड पदरात घेऊन वगैरे नाही, लहान मुलीसारखी, मोठ्यांदा. "तिला वाटतंय मी मुद्दाम आले नाही. जन्मभर असंच वाटत राहणार तिला!"

अनुस्वारराव तिच्याजवळ उभे राहिले. आपण बसवलेल्या यंत्राचा त्यांना इतका राग आला, की ते उपटून टाकीत फेकावं असं वाटलं. पण ते शेजारी बसले नुसते. रखवालदारानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तोही आभाळाकडे बघत उभा राहिला.

एवढ्यात धुरळा उडवत एक टॅक्सी आली आणि भिंतीपाशी कच्चकन थांबली. टपावर सामान. मागच्या सीटवर ताई आणि तिचे यजमान, म्हणजे अनुस्वाररावांचे साडू. टॅक्सीवाला डोक्याला हात लावून बसला होता.

ताईनं दार उघडलं. दोघी बहिणी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"तू इथे काय करतेयस?" ताई ओरडली.

"तुझ्याकडेच येतेय!"

"हे माझं घर आहे का?"

"तू कुठे निघालीस?"

"स्टेशनवर!"

"हे स्टेशन आहे का?"

शेवटी टॅक्सीवालाच म्हणाला, "बाई म्हणाल्या, जवळचा रस्ता मला माहीत आहे. तिठ्यावर म्हणाल्या डावीकडे. वळलो डावीकडे. माझं काय चुकलं?"

"डावीकडेच म्हटलं मी!" ताई ठासून म्हणाली आणि हात मात्र तिनं उजवीकडे दाखवला.

अनुस्वाररावांनी तो हात बघितला. त्यांनी हळूच साडूंकडे बघितलं. साडूंनी डोळे मिटून घेतले, सावकाश मान हलवली, आणि दोघे पुरुष कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"तुमच्याकडेपण?" अनुस्वाररावांनी विचारलं.

"लग्नापासून," साडू म्हणाले. "इतकी वर्षं गाडी मीच चालवली, हाताकडे बघून. काल गाडी विकली. आज पहिल्यांदा परक्या माणसानं तिचं ऐकलं."

"कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही सांगितलंत?"

अनुस्वाररावांनी साडूंचा हात हातात घेतला आणि दाबला. कित्येक वर्षं सणासुदीपुरतं औपचारिक बोलणारे ते दोघे त्या टाकीपाशी सख्खे भाऊ झाले.

इकडे ताई टाकीकडे बघत होती. "म्हणजे ही ती टाकी?" तिनं हळू आवाजात विचारलं. "तेव्हा तुम्ही खरंच चुकला होतात?"

"दोन्ही वेळा गं ताई. विचार हवं तर यांना!"

"खरं आहे," रखवालदार म्हणाला. "मीच पाणी दिलं होतं. नेहमीचे आहेत."

मग काय विचारता! दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या, की टाकी भरली असती. ताईनं तिथल्या तिथे स्वेटर अंगात घातलं, भर उन्हात. "किती वाईट बोलले गं मी तुला," ती म्हणत राहिली. "आणि आता बोलायला वेळच नाही. दोन दिवस जरी असते ना हाताशी!"

"बाई, गाडी चुकेल," टॅक्सीवाला म्हणाला. "दोघी मागे बसा. आणि आता स्टेशन येईपर्यंत कोणीही, काहीही, एक अक्षर बोलायचं नाही रस्त्याबद्दल!"

दोघी हातात हात घालून टॅक्सीत बसल्या. दोघे साडू अनुस्वाररावांच्या गाडीतून मागोमाग निघाले. वायपर बंद, यंत्र बंद. इतका शांत प्रवास दोघांनी लग्न झाल्यापासून केला नव्हता.

स्टेशनवर धावपळच झाली. जिना उतरल्यावर फलाटाच्या दोन्ही बाजूंना दोन गाड्या सुटायच्या बेतात उभ्या! पुढे धावणाऱ्या बहिणींनी तिकीट तपासनिसाला गाठलं. त्यानं सांगितलं आणि दोघी वळून एका सुरात ओरडल्या, "उजवीकडची! अहो, उजवीकडची गाडी!"

गर्दीत हात काही दिसले नाहीत, पण दोघा नवऱ्यांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. मुरलेली माणसं ती! बॅगा उचलल्या आणि थेट डावीकडच्या गाडीत चढवल्या. "अहो, इकडे कुठे?" ताई म्हणतेय तोवर साडूंनी तिला हाताला धरून वर घेतलं. "चल, गाडी हललीसुद्धा!" गाडी खरंच हलली. ताई दारातून हात हलवत राहिली. बायको फलाटावरून धावत राहिली, मग थांबली, मग डोळे पुसू लागली.

अनुस्वारराव समाधानानं मागे वळले. आणि त्यांना उजवीकडची गाडी दिसली. तिच्यावर साडूंच्या मुलाच्या गावाची पाटी होती. बघता बघता तीही सुटली, रिकाम्या दोन जागा घेऊन, उलट दिशेला.

ऐकून म्हटलेलं होतं! तपासनिसाचं ऐकून जसंच्या तसं म्हटलेलं! आणि आपण... अनुस्वारराव तिथल्याच एका बाकावर बसले. आता हे बायकोला कसं सांगायचं, याचा विचार करायचीसुद्धा ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

सांगायची वेळच आली नाही. फोन वाजला. ताईचा आवाज पुन्हा सगळ्या फलाटाला ऐकू गेला. "अगं, ही गाडी भलतीकडेच चाललीय! टीसी म्हणतो, पुढच्या स्टेशनावर उतरा. आणि मुलाकडची गाडी आता परवा! घराची किल्ली तर देऊन बसलोय. न्यायला याल का गं आम्हाला? दोन दिवस तुझ्याकडेच राहू!"

"येतो! आत्ता येतो!" बायको ओरडली. फोन ठेवून ती अनुस्वाररावांसमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. डोळे अजून ओलेच होते.

"आम्ही दोघी घसा फोडून सांगत होतो, उजवीकडची, उजवीकडची! सांगत होतो की नाही?"

"होतात."

"मग एकदा, आयुष्यात एकदा तरी बायकांचं ऐकलं असतंत, तर?"

"तर ताई गेली असती," अनुस्वारराव म्हणाले.

बायको रिकाम्या रुळांकडे बघत राहिली. मग बाकावर त्यांच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "बरं झालं बाई, ऐकलं नाहीत."